एलीया आधी झोपला

प्रिय लेकी,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनचा. "काका, प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. देव रागावला असेल का?" मी तो पहाटे वाचला आणि आधी नजर गेली ती वेळेवर. देवाच्या रागाचं नंतर बघू. तू पावणेदोनला जागी का होतीस?

मीच सांगतो. आठवडाभर कंपनीची दुपारची पाळी. बुधवारी उपवास-प्रार्थना, शुक्रवारी तरुण संघ, शनिवारी गाण्याची तालीम. रविवारी सकाळी शब्बाथशाळेची, म्हणजे बायबलच्या वर्गाची, पोरं, मग उपासनेला पेटी, दुपारी गृहभेटी. यातलं एकही काम वाईट नाही, तिथंच तर फसायला होतं. पत्ते कुटण्यात वेळ घालवला असतास तर कुणीतरी टोकलं असतं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, झिजणाऱ्याचं मात्र सगळे कौतुकच करतात.

बायबलमधलं पहिला राजे, अध्याय १९ काढ. ईजबेल राणीच्या धाकानं पळालेला एलीया रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. एवढा मोठा संदेष्टा! त्याला देवदूतानं उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला असंही सुनावलं नाही. त्याला हलवलं नि म्हणाला, ऊठ, खा. उशाशी भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला आणि परत आडवा झाला! देवदूत दुसऱ्यांदा आला, तेव्हाही खाण्याचंच बोलला. होरेब डोंगरावरची ती देवाची मंद वाणी फार पुढची, मधे चाळीस दिवसांची चाल आहे. आपण प्रवचनात भाकर गाळतो आणि थेट वाणीवर उडी मारतो.

मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा माझंही असंच चाललं होतं. नाताळ तोंडावर, रोज रात्री गाण्यांची फेरी, सकाळी शाळा. एका रविवारी शब्बाथशाळेत एका चिमुरड्यानं रंगाचं पाणी माझ्या वहीवर सांडलं. मी असा खेकसलो की पोरगं बाकाखाली जाऊन बसलं. त्या दिवशीचा धडा होता, 'बालकांना माझ्याजवळ येऊ द्या.' वहीच्या त्या पानावर निळा डाग अजून आहे.

आता शब्बाथाबद्दल, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याबद्दल. निर्गमाच्या पुस्तकात कारण दिलंय की देवानं सातव्या दिवशी विसावा घेतला. 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात मात्र कारण निराळं आहे: तू मिसरात दास होतास, याची आठवण ठेव. गुलामाला कसली सुट्टी? म्हणून विसाव्याच्या आज्ञेत दासदासी येतात, बैल नि गाढवसुद्धा येतात. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १० जून १८९० ला, तोही १८८४ पासून मागून मागून. मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे जोतिरावांचे सहकारी, सत्यशोधक. मिशनरी नव्हेत, हे मला जरा टोचतं. असो.

जमिनीलाही शब्बाथ होता. दर सातव्या वर्षी रान पडीक टाकायचं, लेवीय २५. लोकांनी ते पाळलं नाही. पुढे बाबेलच्या बंदिवासात लोक गेले तेव्हा सत्तर वर्षं जमिनीनं आपले शब्बाथ भोगले, असं दुसऱ्या इतिहासाच्या शेवटी लिहिलंय. न दिलेली विश्रांती जमिनीनं वसूल केली. शरीरही करतं. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या बघून जा कधी.

तर काय करायचं? शनिवारी पेटी वाजवायला जाण्याआधीच कणीक मळून ठेव, कपड्यांना इस्त्री कर. मिसरातून निघालेले लोक रानात सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे देवानं दिलेलं अन्न, दुप्पट गोळा करायचे, तसं. रविवार मंडळीच्या कामात जाणारच असेल, तर कंपनीच्या सुट्टीचा दुसरा दिवस तुझा ठेव. कितीतरी पाळक सोमवार ठेवतात. त्या दिवशी मोबाइल कपाटात. दुपारी झोप, आईशी बोल, टेकडीवर जा. प्रार्थना सुचली तर कर, नाही सुचली तर गप्प बस. त्या वेळेत काय साधलं, हे वहीत लिहू नकोस. तू लिहिशील, म्हणून आधीच सांगतोय.

आणि याचाही नियम बनवून स्वतःला छळू नकोस. येशूनं म्हटल्याप्रमाणे कुणाचा बैल विहिरीत पडला तर शब्बाथ मोडून काढायचाच. फक्त दर आठवड्याला नवा बैल पडत असेल, तर विहिरीला कठडा बांधायला हवा.

येत्या रविवारी उपासना संपली की थेट घरी जा. मंडळीच्या सेक्रेटरींना मी फोन करणार नाही, तो तूच करायचा. गृहभेटींना दुसरं कुणी जाईल. पेटीवर त्या धाकट्या पोराला बसव. काळी पाचमध्ये त्याची बोटं अडखळतात, दोन-तीन कडवी बेसूर होतील. होऊ देत.

तुझा,
काका