गोल छत, तिरपी भिंत आणि मधली फट

प्रश्न : सर नमस्कार, एका हॉलचं मॉडेल करतेय रेव्हिटमधे (इमारतीचं 3D मॉडेल करायचं सॉफ्टवेअर). छत म्हणजे अर्धं पिंप आडवं घातल्यासारखं, गाळा (आडवी रुंदी) 8 मीटर आणि कमान मधोमध 2 मीटर वर. दोन्ही टोकांच्या भिंती मस्त बसल्या, पण आत एक पार्टिशन प्लॅनमधे 45 अंशात तिरपं जातंय एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. त्याचं प्रोफाइल (समोरून दिसणारी कड) एडिट करून तीन पॉइंटचा आर्क, म्हणजे वर्तुळाचा तुकडा काढला, दोन टोकं आणि मधला शेंडा. तिन्ही ठिकाणी बरोबर टेकतंय पण शेंड्याच्या दोन्हीकडे फट दिसतेय, दहा वेळा काढलं तरी तेच. भिंतीचा माथा छताला अटॅच करून बघितलं तर एरर येतो की भिंत छताला चुकते. माझं कुठे गंडतंय?

उत्तर : तुमचा हात नाही गंडलेला, आकारच वेगळा आहे तिथे. काकडी सरळ कापली की चकती गोल येते आणि तिरकी कापली की लांबट येते ना, तसंच. टोकाच्या भिंती छताला काटकोनात आहेत म्हणून तिथे वर्तुळाचा तुकडा मिळतो, पण तिरप्या भिंतीवर तेच वर्तुळ ताणलं जाऊन लंबवर्तुळ होतं, उंची तीच 2 मीटर आणि लांबी मात्र 8 ची 11.31 मीटर. तीन पॉइंटमधून तुम्ही आर्क काढला म्हणजे 9 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलंत, ते त्या तीन पॉइंटना शिवणारच की, पण बाकी सगळीकडे छताच्या खाली राहतं. मी हिशोब करून बघितला, छताच्या कडेपासून 1 मीटर आत (म्हणजे भिंतीच्या लांबीवर मोजलं तर साधारण 1.41 मीटर) छत टोकापेक्षा बरोबर 1 मीटर वर आहे आणि तुमचा आर्क 937 मिमीवर, म्हणजे 63 मिमीची फट. पाहुण्याला सुद्धा दिसेल एवढी 🙂

आता हे लंबवर्तुळ हाताने काढता येतं पण काढू नका. उद्या छताची उंची 100 मिमीने बदलली की परत सगळं पहिल्यापासून, आणि ती बदलतेच. भिंत छतानेच कापून घ्यायची. आधी रीसेट प्रोफाइल करा म्हणजे जुना आर्क जाईल, मग भिंत सिलेक्ट करून अटॅच टॉप आणि छतावर क्लिक.

एरर का येतोय? प्लॅनमधे बघा, भिंतीचा एखादा कोपरा छताच्या बाहेर डोकावत असणार. तिरप्या भिंतीला जाडी असते आणि तिचं टोक चौकोनी कापलेलं असतं, त्यामुळे मधली रेघ छताच्या कडेशी थांबली तरी एक कोपरा पुढे जातोच. मी स्वतः या एका कोपऱ्यापायी अख्खी दुपार घालवलीय आणि शिव्या सॉफ्टवेअरला दिल्यात. छत थोडं बाहेर काढा नाहीतर भिंत आत घ्या. नंतर छत हललं तरी भिंत आपोआप त्याच्यामागे जाते.

दुसरी मॉडेलिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर, आर्किकॅडवाल्यांसाठी : 15 व्या व्हर्जनपासून शेल (वळणदार छताचं टूल) आहे, भिंत मुद्दाम छताच्या वर जाईल इतकी उंच काढा आणि शेलने ट्रिम करा. स्केचअपमधे पण तीच युक्ती, भिंत छतातून आरपार काढायची, इंटरसेक्ट फेसेस करायचं आणि वरचा भाग डिलीट. तिथे एक लक्षात ठेवा, आर्क खरा गोल नसतो, सरळ तुकड्यांचा असतो आणि डिफॉल्ट 12 तुकडे. तुमच्या मापात (त्रिज्या 5 मीटर येते) प्रत्येक तुकडा मधोमध खऱ्या गोलापासून 15 मिमी आत असतो, 24 केले तर 4 मिमीच्या आत येतो. छत 12 चं आणि भिंतीचा आर्क वेगळा 24 चा काढला की झालं, जागोजागी फटी आणि टोचणारे कोपरे. म्हणून म्हणतो, छतानेच कापा.

प्रश्न : त्याच प्रकारचं छत आहे, पण माझ्या बाजूच्या लांब भिंतींचा वरचा भाग सेक्शनमधे (उभ्या छेदात) तिरका दिसतोय. सपाट करू का?

उत्तर : नको हो, बरोबर आहे ते. वरच्याच मापात 230 मिमी जाडीची भिंत कडेला घेतली तर छताची खालची बाजू आतल्या फेसवर बाहेरच्या फेसपेक्षा 284 मिमी उंच असते. सपाट केलीत तर एकतर आतून पाचर उघडी राहील नाहीतर भिंत छतात घुसेल. साइटवर सपाटच बांधणार असतील तर वर बीम दाखवा आणि छत त्यावर बसवा, ते जास्त खरं.

प्रश्न : चौकोनी खोलीवर घुमट आहे, चारही भिंती वर कशा कापायच्या? एकदा वाटतं सरळ, एकदा वाटतं कमान.

उत्तर : घुमट खोलीच्या चारही कोपऱ्यांना शिवून जात असेल तर कमान, आणि ही सोपी कमान आहे. गोल कसाही सपाट कापा, तिरका कापा, वर्तुळच मिळतं, इथे लंबवर्तुळाची भानगडच नाही. खोली 6 बाय 6 ची आणि घुमट अर्धगोल असेल तर गोलाची त्रिज्या 4.24 मीटर आणि प्रत्येक भिंतीवर बरोबर 3 मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ येतं. इस्तंबूलच्या हागिया सोफियात, जी 537 मधे पूर्ण झाली, मोठा घुमट चार कमानींवर आणि मधल्या त्रिकोणी गोलसर तुकड्यांवर उभा आहे, ते तुकडे म्हणजे अशाच मोठ्या गोलाचे भाग, फक्त वरचा घुमट वेगळा बसवलाय.

खोली गोल असेल आणि केंद्र घुमटाच्या बरोबर खाली असेल तर भिंतीची वरची कड सगळीकडे एकाच लेव्हलला येते, कापाकापीच नाही. केंद्र जरा सरकलं की मात्र कड वरखाली होते, आणि रेव्हिटमधे गोल भिंतीला प्रोफाइल एडिट मिळत नाही, तेव्हा मॉडेल करण्याआधी दोन्ही केंद्रं एकदा झूम करून बघा.