आंतरवर्गीय सामने, पिवळे कार्ड आणि सटकणारा गुडघा : वाचकांचे प्रश्न

स्नेहसंमेलनाच्या तारखा फलकावर लागल्या की महाविद्यालयांत आंतरवर्गीय सामन्यांची आखणी सुरू होते आणि त्याच सुमारास माझ्याकडे पत्रे येऊ लागतात. शारीरिक शिक्षण संचालक म्हणून हे प्रश्न मी मैदानाच्या कडेला उभा राहून वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. यंदाही गोंधळ तेच आहेत, म्हणून उत्तरे लेखी देतो.

प्रश्न : आमच्या वर्गाने आंतरवर्गीय व्हॉलीबॉल स्पर्धा जिंकली. या प्रमाणपत्रावर शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण मिळेल का? (वाशीम जिल्हा)

नाही.

प्रश्न : एक संस्था प्रवेश शुल्क भरून घेऊन आम्हाला दुसऱ्या राज्यात ‘राष्ट्रीय’ स्पर्धेसाठी नेत आहे. तेथील प्रमाणपत्र चालते असे ते सांगतात. (यवतमाळ जिल्हा)

ते सांगणारच, कारण शुल्क त्यांना मिळणार आहे. खेळाडू आरक्षणासाठीच्या प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवा विभागाचे विभागीय उपसंचालक करतात. विदर्भात त्यांची कार्यालये नागपूर आणि अमरावती येथे आहेत. ज्या स्पर्धेत प्रत्येक गटात दोनच खेळाडू उतरतात आणि दोघेही पदक घेऊन परततात, तिच्या नावात ‘राष्ट्रीय’ असल्याने काहीही सिद्ध होत नाही. पैसे भरण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना संघटनेची मान्यता विचारावी आणि उत्तर लेखी घ्यावे.

प्रश्न : माझ्याकडे सिकलसेलचे पिवळे कार्ड आहे. मैदानावरच मरशील असे मित्र म्हणतात आणि आमच्या सरांनी कबड्डीच्या यादीतून माझे नाव काढले. मी कधीच खेळू नये का? (बी.ए. द्वितीय वर्ष, गडचिरोली जिल्हा)

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. सिकलसेल हा रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे. पिवळे कार्ड त्याच्या वाहकाला मिळते आणि लाल कार्ड रुग्णाला. वाहकाकडे सिकलसेलचे जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेले असते. त्याला सहसा कोणताही त्रास होत नाही आणि तो आजारीही नसतो. ज्या सरांनी नाव काढले, त्यांनी पिवळे कार्ड फुटबॉलमधल्यासारखे वापरले आणि पहिल्याच ताकिदीत तुम्हाला बाहेर बसवले. केवळ वाहक आहे म्हणून खेळाडूला वगळण्यास वैद्यकीय आधार नाही.

मात्र मित्रांच्या बोलण्यात एक कण खरा आहे. उन्हात, शरीरातील पाणी कमी झालेले असताना, सराव नसलेला वाहक मध्ये न थांबता जीव तोडून धावत राहिला, तर क्वचित प्रसंगी त्याच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, स्नायूंचा रक्तपुरवठा खुंटतो आणि तो कोसळतो. अमेरिकेत २००६ साली राइस विद्यापीठाचा एक फुटबॉलपटू धावण्याच्या सरावानंतर असाच दगावला आणि २०१० पासून तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने आपल्या पहिल्या श्रेणीतील खेळाडूंची सिकलसेल तपासणी आवश्यक केली. त्या तपासणीचा हेतू वाहकांना संघाबाहेर काढणे हा नव्हता. प्रशिक्षकाला आधी माहिती असावी आणि त्याने सराव त्याप्रमाणे आखावा, एवढाच होता. आपल्याकडे गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात वाहक इतके आहेत की त्या सर्वांना बाहेर बसवले तर कित्येक वर्गांचे संघच उभे राहणार नाहीत.

मला भीती कबड्डीची वाटत नाही, कारण तिच्यात चढाई तीस सेकंदांची असते आणि मध्ये श्वास घ्यायला उसंत मिळते. भीती वाटते ती सोळाशे मीटरची. पोलीस भरतीच्या तयारीतली मुले पहिल्याच दिवशी घड्याळ लावून पूर्ण वेगाने धावतात, कार्ड खिशात लपवून ठेवतात आणि पाय जड झाले तरी कोणी भित्रा म्हणेल म्हणून थांबत नाहीत. साध्या पेटक्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि मुलगा वेदनेने ओरडतो. सिकलसेलचा वाहक कोसळतो तेव्हा मात्र दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त असतो, स्नायू हाताला मऊच लागतो, आणि शुद्धीवर असलेला मुलगा पाय चालत नाहीत असे सांगून गुपचूप खाली बसतो. अशा मुलाला ‘नाटक करू नकोस, ऊठ’ म्हणणारा वर्गनायक मी पाहिला आहे, आणि तो प्रसंग अजूनही माझ्या डोळ्यांसमोर येतो. अशा वेळी धावणे तत्काळ थांबवावे, मुलाला सावलीत न्यावे आणि १०८ वर फोन करावा. पुढे केव्हाही लघवी लालसर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तुमच्यापुरते सांगायचे तर सराव काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे, आणि ताप असताना किंवा संमेलनाच्या तालमींमुळे रात्रभर जागरण झालेले असताना मैदानात उतरू नये. त्याआधी मात्र कार्ड घेऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जावे. तुमची केवळ सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी झाली असेल, तर पक्के निदान करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी करून घ्यावी, कारण सोल्युबिलिटीमध्ये वाहक आणि रुग्ण असा फरक कळत नाही. डॉक्टरांचे लेखी मत सरांना खासगीत दाखवावे. सरांनीही ती माहिती स्वतःजवळ ठेवावी. ध्वनिक्षेपकावरून कोणाच्या कार्डाचा रंग जाहीर करण्याचा अधिकार आपणा कोणालाही नाही.

लाल कार्ड असलेल्यांसाठी हे उत्तर लागू नाही. पहाटेची थंडी आणि पाण्याची कमतरता या दोन्हींनी त्यांना वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून त्यांचा खेळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावा.

प्रश्न : पकडीत माझा गुडघा आत वळला, ‘टक्’ असा आवाज आला आणि तासाभरात तो सुजला. गावातील एका जाणत्या माणसाने चोळून ‘बसवून’ दिला. पंधरा दिवस झाले तरी जिना उतरताना गुडघा सटकतो. शनिवारच्या अंतिम सामन्यात पट्टा बांधून खेळू का? (भंडारा जिल्हा)

खेळू नये. आवाज, तासाभरात आलेली सूज आणि सटकणे ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर गुडघ्यातील लिगामेंट (हाडे एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) तुटल्याची शंका घ्यावीच लागते, आणि तुटलेले लिगामेंट चोळून बसत नाही. साध्या एक्स-रेमध्ये ते दिसत नाही, त्यामुळे ‘हाड नीट आहे’ या शब्दांवर समाधान मानू नये. अशा गुडघ्यावर खेळत राहिल्यास आतील गादीही फाटते. पंधरा दिवस वाया गेलेच आहेत. या आठवड्यातच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : सामन्यानंतर संघासाठी आम्ही मेडिकलमधून ओआरएसचे गोड, तयार डबे आणतो. ते योग्य आहे का? (बुलडाणा जिल्हा)

त्यांतील बरीच पेये ओआरएस नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असते. या डब्यांत साखर त्याहून कितीतरी जास्त असे. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्राबाहेरच्या पेयांवर हे नाव छापण्यास मनाई केली. चाळीस मिनिटांच्या सामन्यासाठी माठातले पाणी पुरते. उलट्या-जुलाब होत असतील तर ओआरएसची पूर्ण पुडी वेष्टनावर सांगितलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून द्यावी, ग्लासभर पाण्यात अर्धी टाकू नये, आणि डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : मुलींच्या खो-खो सामन्यांच्या वेळी काही मुले शेरेबाजी करतात, त्यामुळे आम्ही नावेच देत नाही. शिवाय सराव संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते. (अमरावती जिल्हा)

एसटीचा प्रश्न सोपा आहे : मुलींचा सराव दुपारच्या तासिकांनंतर लगेच ठेवण्याचा अर्ज प्राचार्यांकडे सर्वांच्या सह्यांनिशी द्यावा. शेरेबाजीबद्दल अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार करावी. २०१३ च्या कायद्याने ही समिती बंधनकारक आहे आणि तिच्या सदस्यांची नावे फलकावर असायला हवीत. नसतील तर आधी ती मागावीत. नावे मात्र द्याच. दूरदूरच्या गावांतून येऊन तासिका संपताच परतणाऱ्या मुलींना एकमेकींची ओळख होण्याची जागा या मैदानाशिवाय फारशी उरत नाही.

प्रश्न : वर्गाच्या संघात घेण्यासाठी वरिष्ठ मुले पार्टी मागतात आणि ‘परिचय’ म्हणून सर्वांसमोर नाचायला लावतात. ही तर परंपरा आहे ना? (चंद्रपूर जिल्हा)

हे रॅगिंग आहे आणि महाराष्ट्रात १९९९ पासून तो कायद्याने गुन्हा आहे. रॅगिंगविरोधी समितीकडे आजच जावे. तेथे जाण्याची भीती वाटत असेल तर १८००-१८०-५५२२ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.