टाके सुकले, दुखणं मात्र राहिलं

शस्त्रक्रिया होऊन महिने उलटले, जखम भरली, तपासण्या स्वच्छ आल्या, तरी दुखणं जात नाही. या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर हाच आहे आणि पुन्हा चिरफाड न करता काय करता येईल, असं सगळ्यांनीच विचारलं आहे. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत. औषधांचे डोस उपचार कसे चालतात हे समजावं म्हणून दिले आहेत. औषध सुरू करणं, वाढवणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

प्रश्न : हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन सात महिने झाले. जांघेत सतत आग होते, मधूनच विजेचा झटका बसावा तशी कळ मांडीपर्यंत जाते. कपडा घासला तरी सहन होत नाही. जाळी जागेवर आहे, सगळं ठीक आहे, असं सर्जन सांगतात. डायक्लोफिनॅकने काडीचा फरक पडत नाही. हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांपलीकडे टिकलेल्या आणि जंतुसंसर्गासारखं दुसरं कारण न सापडलेल्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे. या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यामुळे ‘सगळं ठीक आहे’ याचा अर्थ फक्त जाळी ठीक आहे एवढाच घ्या.

आग, झटका आणि कपड्याचाही स्पर्श न सोसणं ही तिन्ही लक्षणं मज्जातंतूच्या दुखण्याची आहेत. हर्नियाच्या जागेतून तीन बारीक मज्जातंतू जातात. त्यातला एखादा ताणला गेला, टाक्यात सापडला किंवा व्रणाच्या घट्ट ऊतींत आवळला गेला की तो काही कारण नसताना मेंदूकडे संदेश पाठवत राहतो. डायक्लोफिनॅक सूज उतरवतं. इथे उतरवायला सूजच नाही, म्हणून गुण येत नाही. पोट आणि मूत्रपिंडं मात्र सोसतात. डॉक्टरांकडे जाताना ‘दुखतं’ एवढंच सांगू नका. कुठे आग होते, कुठे बधिर आहे, कुठे हलका स्पर्शही नको वाटतो, ते पेनने अंगावर आखून दाखवा. ‘डीएन-फोर’ नावाची दहा मुद्द्यांची छोटी तपासणी आहे. त्यात चार किंवा अधिक गुण आले तर मज्जातंतूचं दुखणं असण्याची शक्यता बळावते.

अशा दुखण्यावर वेगळ्या गटातली औषधं लागतात. अमिट्रिप्टिलिन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून दर एक-दोन आठवड्यांनी १० मिलिग्रॅमने वाढवतात. ती झोपण्याच्या दोन तास आधी घेतली तर सकाळचं जडपण कमी राहतं. हृदयाच्या ठोक्यांचा विकार, काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर आधी सांगा. गॅबापेंटिन साधारण ३०० मिलिग्रॅमपासून, वयस्कर माणसांत १०० पासून सुरू होतं आणि हळूहळू दिवसातून तीन वेळांवर नेलं जातं. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर डोस कमी करावा लागतो. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं ॲन्टासिड घेत असाल तर त्यानंतर किमान दोन तासांनी गॅबापेंटिन घ्या, नाहीतर ते नीट शोषलं जात नाही. प्रीगाबालिन त्याच जातीचं. ड्युलॉक्सेटिन पहिला आठवडा ३० आणि मग ६० मिलिग्रॅम. सुरुवातीला मळमळ होते, पोटभर खाऊन घेतलं तर ती कमी होते.

उपचार फसतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. पाच दिवस छोटा डोस घेतला, फरक नाही, झोप मात्र येते, म्हणून गोळी बंद. या औषधांची खरी परीक्षा सहा ते आठ आठवडे चालते आणि त्यातले निदान दोन आठवडे सोसेल तेवढ्या पूर्ण डोसवर जावे लागतात. दुखणं शून्यावर येईल अशी अपेक्षा धरू नका. दहापैकी सातावरून पाचावर आलं तरी तो खरा गुण मानतात. तेवढाही आला नाही तर औषध हळूहळू उतरवून दुसरं पाहायचं. एकावर एक रचत जायचं नाही.

तुमचं दुखणं एका तळहाताएवढ्या जागेत असल्याने ५ टक्के लिडोकेनची (त्वचा बधिर करणाऱ्या औषधाची) पट्टीही विचारून घ्या. बारा तास लावायची, बारा तास काढून ठेवायची. कात्रीने हवी तेवढी कापता येते. केस असतील तर कात्रीने बारीक करा, वस्तऱ्याने काढू नका. खरचटलेल्या त्वचेतून औषध जास्त शोषलं जातं. वर शेकू नका, कारण तेच.

याने भागलं नाही तर सोनोग्राफीत पाहून त्या मज्जातंतूजवळ भुलीचं इंजेक्शन देतात. त्यात उपचारापेक्षाही निदान मोठं आहे. इंजेक्शननंतरचे सहा-आठ तास घरी पडून राहू नका. एरवी दुखतं तीच हालचाल करा आणि दुखणं दहापैकी किती, तो आकडा तासातासाला लिहा. त्या काळात दुखणं गेलं तर दोषी मज्जातंतू सापडला. मग पल्स्ड रेडिओफ्रीक्वेन्सीचा विचार होतो : सुईच्या टोकाचं तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देता विद्युत स्पंदनं दिली जातात, मज्जातंतू जाळला जात नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुई लावण्याआधी सांगा. मधुमेह असेल आणि इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहा.

प्रश्न : गुडघा बदलून आठ महिने झाले. बरं वाटलं की मी भरपूर चालते, मग दोन-तीन दिवस पाय टेकवत नाही. व्यायाम सोडावा का?

व्यायाम सोडू नका, ही चढ-उतार थांबवा. गुडघा बदललेल्या साधारण पाचांतल्या एकाला दीर्घकाळ दुखणं उरतं, आणि त्यात ‘एक दिवस दौड, तीन दिवस पलंग’ या चक्राने भर पडते. पलंगावरच्या दिवसांत मांडीचा पुढचा स्नायू झडतो, सगळा भार पुन्हा सांध्यावर येतो.

तीन दिवस फक्त नोंद करा : दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं चालता? समजा १२, ८ आणि १० मिनिटं आली. सरासरी दहा, तिचे ८० टक्के म्हणजे आठ. रोज सकाळ-संध्याकाळ आठच मिनिटं चाला. बरं वाटत असलं तरी आठच. हा भाग सगळ्यांना जड जातो, कारण चांगल्या दिवशी थांबावंसं वाटत नाही. पण घसरण चांगल्या दिवशीच सुरू होते. दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवा. व्यायामानंतर दुखणं थोडं वाढून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर प्रमाण बरोबर आहे. नाही आलं तर एक पायरी खाली या, बंद करू नका. बर्फ १५ ते २० मिनिटं, कापडात गुंडाळून. वाटीच्या बाहेरच्या बाजूला त्वचा बधिर असणं या शस्त्रक्रियेनंतर नेहमीचं आहे. तिथे बर्फाने किंवा शेकाने इजा झालेली कळत नाही, म्हणून घड्याळ लावा.

मात्र आधी एक गोष्ट तपासून घ्या. मधले काही महिने छान गेले आणि मग नव्याने दुखू लागलं, बसून उठल्यावर पहिल्या काही पावलांना तीव्र कळ येते, गुडघा गरम-लाल आहे, ताप आहे किंवा व्रणातून स्राव येतो, तर सांध्याचा भाग सैल होणं किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी चालण्याचा हिशोब बाजूला ठेवून आधी सर्जनला गाठायचं. गुडघ्यात जाणवणारं दुखणं कधीकधी खुब्यातून किंवा कमरेतूनही येतं, तेही पाहायला सांगा.

प्रश्न : टेन्स मशिन (त्वचेवर पॅड लावून हलकी वीज देणारं) घेतलं आहे. दहा मिनिटं लावतो, काही होत नाही. वाया गेलं का?

दहा मिनिटांत निकाल लावू नका. मेल्झॅक आणि वॉल या वेदना-संशोधकांनी १९६५ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्शाचे संदेश भरपूर गेले तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडते. टेन्स हेच करतं. म्हणून गुण येतो तो मुख्यतः मशिन चालू असताना आणि नंतर थोडा वेळ.

स्पंदनांचा वेग ८० ते १२० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी स्पंदनं) ठेवा. तीव्रता अशी वाढवा की जोरदार मुंग्या जाणवतील, पण टोचणार नाही आणि स्नायू आखडणार नाही. काही मिनिटांत सवय होऊन जाणीव मंदावते, तेव्हा पुन्हा थोडी वाढवा. एका वेळी ३० ते ६० मिनिटं. बधिर त्वचेवर पॅड लावला तर संदेश जातच नाही आणि त्वचा भाजण्याचा धोका असतो. स्पर्शही सोसत नाही अशा जागेवर लावला तर आग भडकते. दोन्ही वेळा शेजारच्या चांगल्या त्वचेवर लावा, पॅडमध्ये दोन-तीन बोटांचं अंतर ठेवून. चिकटपणा गेलेले पॅड बदला. पेसमेकर असेल तर हृदयतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वापरू नका. मानेच्या पुढच्या बाजूला, उघड्या जखमेवर, कर्करोगाच्या गाठीवर आणि गरोदरपणात पोटावर लावू नका. गाडी चालवताना बंद ठेवा. रोज असं तीन-चार आठवडे करूनही फरक नसेल तर खुशाल परत करा.

प्रश्न : स्तनाच्या शस्त्रक्रियेला वर्ष झालं. काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिर, तरी ओढणी लागली तर झोंबतं.

काखेतल्या गाठी काढताना त्या भागाला संवेदना देणारा मज्जातंतू दुखावला की नेमकं असंच होतं. औषधं पहिल्या उत्तरातलीच. त्यांच्या जोडीला त्वचेला स्पर्शाची पुन्हा ओळख करून द्यायची. मऊ कापसापासून सुरुवात करा, मग सुती कापड, मग टॉवेल. झोंबणाऱ्या जागेच्या कडेपासून आत सरका, पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, त्वचेकडे बघत. एक पोत निवांत सोसला की पुढचा. जागा झाकून, जपून ठेवली तर ती आणखी हळवी होते. व्रण ओढल्यासारखा वाटत असेल तर बिनवासाचं क्रीम लावून बोटाच्या दाबाने गोलाकार आणि आडवं चोळा, दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं. बोटाखाली व्रणही सरकला पाहिजे, नुसतं बोट त्वचेवरून घसरून उपयोग नाही. किरणोपचार झालेल्या त्वचेवर हे आधी विचारून करा. नवी गाठ किंवा हाताला नवी सूज दिसली तर तपासणी आधी.

प्रश्न : वर्षभर ट्रॅमाडॉल (अफूच्या गटातलं वेदनाशामक) चालू आहे. आता पूर्वीइतका गुण येत नाही. एकदम बंद करू का?

एकदम नको. अंगाला सवय झालेली असते. अचानक थांबवलं तर घाम, अस्वस्थता, जुलाब, झोप उडणं आणि दुखण्याचा भडका उठतो. मग माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण दहावा हिस्सा कमी करत जाणं सोसतं. या जातीची औषधं दीर्घकाळ घेतल्याने काहींची वेदना उलट वाढते, त्यामुळे डोस उतरल्यावर बरं वाटलं तर आश्चर्य नको. ट्रॅमाडॉलबरोबर ड्युलॉक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन स्वतःहून घेऊ नका. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं, फिट येण्याची शक्यताही वाढते. गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिनसोबत ते श्वास मंदावतं. ट्रॅमाडॉलच्या गोळीत पॅरासिटामॉलही मिसळलेलं असतं का, ते वेष्टनावर वाचा. सगळ्या गोळ्या मिळून प्रौढ माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये.

प्रश्न : वडिलांचा पाय गुडघ्याखाली काढला. नसलेल्या पावलाची बोटं आवळल्यासारखी दुखतात म्हणतात.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं माना. पाय गेला तरी मेंदूतला त्याचा नकाशा जागेवर असतो. मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेला आरशाचा उपाय घरी करता येतो. उभा आरसा दोन्ही पायांच्या मधे असा ठेवा की चांगल्या पायाचं प्रतिबिंब गेलेल्या पायाच्या जागी दिसेल आणि उरलेला भाग आरशामागे झाकला जाईल. चांगल्या पायाची बोटं सावकाश उघडायची, मिटायची, नजर फक्त प्रतिबिंबावर, आणि मनाने दोन्ही पाय हलवायचे. पायमोजा, पैंजण, घड्याळ काही नको. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या नाहीत तर मेंदू फसत नाही. रोज १५ मिनिटं, किमान चार आठवडे. पहिल्या दिवसांत काहींना गरगरतं किंवा रडू येतं. तेव्हा पाच मिनिटांवर या, शेजारी बसा आणि त्यांना हवं तेव्हा थांबू द्या.