गोडाधोडाचे प्रश्न: मुंबईची वारी आणि घरचा पॉट

प्रश्न : महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरणार, रात्री त्याच गाडीने परत. सोबत सत्तरीची आई आहे. इकडे मिळत नाही असं गोड कुठे खावं? (सांगली)

उत्तर : सकाळी घाई करू नका, गोडाची दुकानं उशिरा उघडतात. आधी देवदर्शन, खरेदी उरका. दुपारी सीएसएमटीहून चालत क्रॉफर्ड मार्केट गाठा. समोरच ‘बादशाह’ आहे, 1905 सालचं. तिथला फालुदा घ्या, पण दोघांत एक. पुढे अजून खायचंय.

तिथून टॅक्सीने भेंडीबाजार, बोहरी मोहल्ला. ‘ताज आइस्क्रीम’ 1887 पासून आहे आणि तिथे आइस्क्रीम हाताने फिरवलेल्या सांच्यातलं, म्हणजे आपल्या पॉटचंच भावंड. यंत्रातल्यासारखी हवा त्यात भरलेली नसते, त्यामुळे छोटा कपही जड लागतो. ज्या फळाचा हंगाम असेल तेच मागा. मे महिन्यात सीताफळ मागून काय उपयोग!

शेवटी चर्चगेट. स्टेशनाजवळ ‘के. रुस्तम’ आहे, 1953 पासून. आइस्क्रीमची वडी दोन पातळ वेफरमध्ये ठेवून कागदात देतात. सगळी गंमत त्या वेफरच्या कुरकुरीतपणात आणि तो पाच मिनिटांत जातो. म्हणून टॅक्सी शोधत बसू नका, दुकानासमोर उभ्याउभ्या खा. मधोमध चावलात तर मागच्या बाजूने आइस्क्रीम सदऱ्यावर येतं. चारी कडा आधी खाऊन घ्या, मग आत शिरा. आईंना दातांचा त्रास असेल तर त्यांची वडी दोन मिनिटं तशीच ठेवा, वेफर आपोआप मऊ पडतो.

वेळ उरलाच तर मरीन लाइन्सला उतरून ‘पारसी डेअरी’ची (1916) मलई कुल्फी. पण एका दिवसात चारही दुकानं केलीत तर चौथ्या ठिकाणी जीभ काही सांगत नाही. तीन पुरेत.

प्रश्न : घरी फालुद्याची शेव करते. कधी तुकडे पडतात, कधी गोळा होतो. (मिरज)

उत्तर : तुकडे पडतात ते पीठ कच्चं राहिल्यामुळे किंवा सोऱ्यात गार झाल्यामुळे. 1 वाटी कॉर्नफ्लॉवरला अडीच वाट्या पाणी घ्या. गार पाण्यातच कालवा, गरम पाण्यात गुठळ्या होतात. मंद आचेवर सतत ढवळा. आधी ते खळीसारखं पांढरं दिसेल. इथेच बहुतेक जण गॅस बंद करतात आणि फसतात. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाक आली, कडा सुटू लागल्या, की झालं. सहा-सात मिनिटं लागतात.

आता थांबायचं नाही. सोऱ्याला कापड गुंडाळा, बारीक शेवेची चकती लावा आणि गरम असतानाच बर्फाच्या पाण्यात पाडा. सोऱ्या पाण्याच्या अगदी जवळ धरा आणि हात फिरता ठेवा. एकाच जागी पाडलं की गोळा होतो. शेव त्याच पाण्यात ठेवा, पण फ्रिजमध्ये रात्रभर नको. कॉर्नफ्लॉवरची शेव थंडीत पुन्हा पांढरी आणि ताठ होते. सब्जा 1 चमचा, पाणी 1 कप, वीस मिनिटं. ग्लासात तळाला सरबत, मग सब्जा, शेव, गार आटवलेलं दूध आणि वर आइस्क्रीम.

प्रश्न : पॉटमध्ये स्ट्रॉबेरी आइस्क्रीम केलं. फळाच्या फोडी दगडासारख्या झाल्या आणि पहिलाच चमचा खारट लागला. (वाई)

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. कच्च्या स्ट्रॉबेरीत पाणीच जास्त, ते गोठून बर्फ होतं. 400 ग्रॅम फळाला 100 ग्रॅम साखर घालून जॅमइतकं दाट होईपर्यंत आटवा. साखर मुरली की फोड कडक गोठत नाही. हे मिश्रण पूर्ण गार झाल्यावरच गार दुधात घाला. गरम दुधात घातलंत तर आंबटपणाने दूध फाटेल. दूध 1 लिटर म्हशीचं, आटवून पाऊण लिटर, त्यात 150 ग्रॅम साखर. (सीताफळाला मात्र आच दाखवू नका, कडवट होतं. गर गारच मिसळा.)

खारटपणा येतो झाकणावरून. डब्याभोवती चार भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग खडेमीठ, थरावर थर. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जाऊनही वितळत राहतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. म्हणजे बर्फाचं पाणी होणं हे बिघडल्याचं लक्षण नाही, तेच काम करतंय. सगळं काढून टाकू नका. फक्त ते झाकणाच्या कडेपर्यंत चढलं की बादलीच्या भोकातून थोडं सोडा. झाकण उघडण्याआधी ओल्या फडक्याने पुसून घ्या.

डबा दोन तृतीयांशच भरा, मिश्रण फुगतं. वीस-पंचवीस मिनिटांनी हँडल जड झालं की थांबा. अर्ध्या तासानंतरही हलकंच फिरत असेल तर मीठ कमी पडलंय.

प्रश्न : धूर सोडणारं आइस्क्रीम सहा वर्षांच्या मुलाला द्यावं का? (कराड)

उत्तर : त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो, तापमान उणे 196 अंश. धूर दिसतो ती हवेतली वाफ. धूर पूर्ण थांबल्याशिवाय, तळाला थेंब नाही हे पाहिल्याशिवाय, मुलाला हात लावू देऊ नका. कोणी ‘तोंडातून धूर काढा’ म्हणालं तर सरळ उठून या. चवीत त्या धुराने काही भर पडत नाही.

प्रश्न : नातेवाइकांकडे मुंबईला कंदी पेढे नेतो. येताना तिथलं काय आणावं? (सातारा)

उत्तर : आधी नेण्याचं. पेढे कोमट असताना डबा बंद केला तर आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. गार करूनच झाकण लावा.

आणायला माहीमचा हलवा. पातळ चौकोनी पापड्या, मध्ये कागद, बर्फाची गरज नाही. त्यालाच आइस हलवा म्हणतात, त्यामुळे दुकानात ‘वितळेल का’ असं विचारणारे पुष्कळ. वितळत नाही, पण उन्हाच्या खिडकीत ठेवलात तर तूप सुटून कागद चिकटतात. डबा आडवा ठेवा आणि वर बॅग ठेवू नका.