डिस्क पडल्यापासून टक टक करतेय, वेबसाइटचा एकच बॅकअप तिच्यात आहे, डेटा आणि गुगलवरची जागा दोन्ही परत मिळेल का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. गुहागरकडचा होमस्टे, वेबसाइट चांगली चालत होती, होस्टिंगचे पैसे भरायचे राहिले आणि साइट बंद पडली, गुगलवर शोधलं की ती वर दिसायची ती जागा पण गेली, फाइल आणि फोटो सगळे एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, ती टेबलावरून पडली आणि आता लावली की टक टक आवाज येतो, कॉम्प्युटरला दिसतच नाही. गुगलवर शोधून एक रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवलंय, ते विकत घेऊ का असं विचारताय.

घेऊ नका. आणि त्याआधी ती डिस्क काढून बाजूला ठेवा, "शेवटचं एकदा लावून बघतो" हे पण नको. मी डेटा रिकव्हरीचंच काम करतो, पडलेल्या डिस्क रोज हातात येतात, आणि खरं सांगतो, पडल्यामुळे जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त नंतर पुन्हापुन्हा लावून बघण्याने होतं.

आत काय होतंय ते सांगतो म्हणजे पटेल. डिस्कमध्ये चकचकीत गोल चकत्या असतात, तुमच्यासारख्या छोट्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये त्या बहुतेक मिनिटाला ५४०० वेळा फिरतात म्हणजे सेकंदाला ९० वेळा, आणि त्यांच्यावर वाचणारा हेड काही नॅनोमीटरवर तरंगत असतो, केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर असते यावरून अंदाज घ्या. डिस्क पडली की हेड वाकतो किंवा मोडतो. मग चालू केली की हेड चकतीवरच्या खुणा शोधतो, त्या वाचता येत नाहीत, हेड धरणारा दांडा मागे येऊन टोकाला आपटतो, परत जातो, परत आपटतो, तोच तुमचा टक टक आवाज. यात वाकलेला हेड चकतीला लागत असला तर चकतीवरचा चुंबकीय थर खरवडला जातो, आणि जो थर गेला त्याच्यावरचा डेटा जगात कोणीच परत आणू शकत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी प्लग लावणं म्हणजे नशिबावर सोडणं.

आता सॉफ्टवेअरचं. सॉफ्टवेअरला डिस्क आधी दिसावी लागते, मग ते मागेल तो सेक्टर, म्हणजे चकतीवरचा डेटाचा छोटा तुकडा, डिस्कने वाचून द्यावा लागतो. तुमची डिस्क स्वतःची ओळखच सांगू शकत नाहीये, तिथे ते बिचारं काय करणार. मग गुगलवर वरच्या रिझल्टमध्ये हेच उपाय का दिसतात? कारण त्यातले बरेच लेख सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांनीच लिहिलेले असतात, त्यांच्याकडे एसईओची, म्हणजे लेख गुगलवर वर आणणारी माणसं असतात, "आवाज करणारी हार्ड डिस्क" हे शब्द कोण शोधतं ते त्यांना बरोबर माहीत असतं, लेखात चार उपाय सांगून शेवटी डाउनलोडचं बटण. वर आलं म्हणजे बरोबर असं अजिबात नाही, आणि घाबरलेल्या माणसाला हे त्या क्षणी सुचत नाही, याचा मला मनापासून राग येतो. फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय पण असाच फिरत असतो. थंड डिस्क बाहेर काढली की हवेतली वाफ चकतीवर जमते, आणि कोकणातली हवा किती दमट ते तुम्हाला मी काय सांगू. हलकेच आपटून बघणं, स्क्रू काढून घरी उघडणं, हे पण तसलंच. सर्किट बोर्ड बदलायचा व्हिडिओ बघितला असेल तर तो पण सोडा, आजकालच्या डिस्कमध्ये बोर्डवरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कची सेटिंग असतात, नुसता दुसरा बोर्ड लावून चालत नाही. आणि काही पोर्टेबल मॉडेलमध्ये डेटा बोर्डवरूनच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे त्याला कुलूप लागतं, म्हणून मूळ बोर्ड, डबी, केबल काहीच टाकून देऊ नका.

सॉफ्टवेअर वाईटच असं मी म्हणत नाही. डिस्क ठणठणीत आहे आणि चुकून फोल्डर डिलीट झालं, तर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि छान काम करतात, फक्त सापडलेल्या फाइल त्याच डिस्कवर सेव्ह करायच्या नाहीत. डिस्क दिसते पण अडकत अडकत चालते, थोडे सेक्टर खराब आहेत, तर जीएनयू डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने आधी पूर्ण कॉपी काढायची आणि मग कॉपीवर काम करायचं. तिथे विंडोजमधलं चेकडिस्क चालवू नका, ते फाइल सिस्टीम ठीकठाक करायला बघतं, त्याला तुमच्या फोटोंशी देणंघेणं नाही. पण तुमची केस यातली कुठलीच नाही.

तुम्हाला हेड बदलून देणारी लॅब लागेल. तिथे त्याच मॉडेलची, जमलं तर त्याच सुमारास बनलेली दुसरी डिस्क आणून तिचे हेड तुमच्या डिस्कमध्ये बसवतात, धूळ नसलेल्या जागेत, आणि मग जेवढं वाचता येईल तेवढं हळूहळू दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतात. काम खर्चिक आहे. विचारायचं ते आधीच विचारा, की डिस्क तुम्ही इथेच उघडता की पुढे पाठवता, क्लीन बेंच (धूळ नसलेल्या हवेचं टेबल) आहे का, डेटा नाही मिळाला तर किती घेणार, डोनर डिस्कचे (जिचे हेड काढून घेतात तिचे) पैसे वेगळे का, आणि पैसे द्यायच्या आधी मिळालेल्या फाइलची यादी दाखवणार का. जो माणूस काउंटरवरच झाकण उघडायला घेईल त्याच्याकडून डिस्क परत घ्या आणि निघा. एकदा बाहेरच्या धुळीत उघडलेली डिस्क आली की पुढच्याचं काम फार अवघड होतं.

आशा सोडू नका एवढं मात्र सांगतो. २००३ मध्ये कोलंबिया यान परत येताना तुटलं, आपली कल्पना चावला होती त्यात, त्या अवशेषांत एक जळालेली हार्ड डिस्क मिळाली होती. बाहेरून नुसता कोळसा झालेला ठोकळा. पण चकत्या वाकल्या नव्हत्या, आणि जो भाग खराब झाला होता तिथे डेटाच नव्हता, त्यामुळे ९९ टक्के डेटा बाहेर आला आणि यानात झेनॉन वायूवर केलेल्या प्रयोगाचा निकाल २००८ मध्ये छापून आला. सगळं चकतीवर आहे. चकती शाबूत तर डेटा शाबूत, म्हणून तर परत परत सांगतोय की लावू नका.

आता वेबसाइट. इथे तुमची परिस्थिती तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरी आहे, कारण गुगलवरची जागा परत मिळवायला डिस्क लागतेच असं नाही. सगळ्यात आधी डोमेन चालू आहे का बघा, होस्टिंग (साइटच्या फाइल ठेवायची भाड्याची जागा) वेगळं आणि डोमेन (साइटचं नाव) वेगळं. डॉट कॉम असेल आणि मुदत संपली असेल तर आधी कंपनीने दिलेली थोड्या दिवसांची सवलत, मग ३० दिवस रिडेम्प्शनचे, म्हणजे नाव सोडवून घ्यायचे, ज्यात जास्त पैसे मोजावे लागतात, मग ५ दिवस ज्यात ते परत घेता येत नाही, आणि मग ते नाव कोणीही उचलू शकतं. नाव गेलं तर बाकी सगळं करून उपयोग नाही, तेव्हा हे आजच करा. मग होस्टिंगवाल्याला फोन करा, बंद केलेल्या खात्याचा डेटा बऱ्याच कंपन्या काही दिवस ठेवतात, पैसे भरले की साइट जशीच्या तशी उठते. साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर डेटाबेस (मजकूर) आणि अपलोडचं फोल्डर (फोटो), दोन्ही मागा, एकावर भागत नाही.

तिथे नाहीच मिळालं तर वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, तुमच्या साइटचा पत्ता टाका. जुनी पानं, मजकूर, निम्मेअर्धे फोटो तरी निघतील, बुकिंगचा फॉर्म चालणार नाही पण तो नव्याने करता येतो. मूळ फोटो ज्या मोबाइलवर काढले त्यात किंवा व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवले असतील तिथे बघा.

पानं परत टाकताना पत्ता जुनाच ठेवा, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. "खोल्या आणि दर" चं पान ज्या पत्त्यावर होतं तिथेच आलं पाहिजे. पत्ता बदलावाच लागला तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून कायमचं नव्याकडे वळवणं) त्याच विषयाच्या नव्या पानावर द्या, सगळं होमपेजवर ढकलू नका, गुगल त्याला पान नसल्यासारखंच धरतं. "काम चालू आहे" अशी पाटी महिनाभर लावून ठेवू नका, जुन्या पानांच्या जागी गुगलला तीच दिसत राहते. आणि ज्याने साइट केली त्याने गुगलचं फुकट मिळणारं सर्च कन्सोल जोडलं होतं का विचारा, कारण त्यात मागच्या १६ महिन्यांचे आकडे असतात, कुठल्या शब्दावर कुठलं पान किती वेळा उघडलं हे सगळं दिसतं. ज्या चार-पाच पानांवर गिऱ्हाईक यायचं ती आधी उभी करा, बाकीची सावकाश. जागा लगेच नाही मिळत, गुगल पानं पुन्हा येऊन बघतं तसतशी हळूहळू मिळते.

या काळात "महिन्यात पहिल्या नंबरवर आणतो" म्हणणारे फोन येतीलच. अशी हमी कोणी देऊ शकत नाही हे गुगलनेच लिहून ठेवलंय. ते पैसे घेऊन भलत्यासलत्या साइटवरून तुमच्या साइटला लिंका लावतात, आणि असल्या विकतच्या लिंकांवर गुगल २०१२ च्या पेंग्विन अपडेटपासून (शोधाच्या नियमांतला बदल) जास्तच कडक झालंय. तेवढे पैसे लॅबला द्या.

गुगल मॅपवरचं तुमच्या होमस्टेचं प्रोफाइल साइटपासून वेगळं असतं, तुमचे रिव्ह्यू तिथे अजून असणार. साइट उठेपर्यंत तिथला फोन नंबर बरोबर आहे ना ते बघा, नवे फोटो टाका, आलेल्या रिव्ह्यूंना उत्तरं द्या, सीझनचं बुकिंग तिकडून पण येतं. आणि डोमेन आता रिन्यू करताना खात्याला ईमेल आणि मोबाइल तुमचा स्वतःचा लावा, डिझायनरचा नको, म्हणजे पुढची आठवण थेट तुम्हाला येईल.