वाचकांचे प्रश्न : शिरच्छेदानंतर चालत गेलेला चाचा

प्रश्न : मध्ययुगातील एक जर्मन चाचा शिरच्छेद झाल्यावरही आपल्या अकरा साथीदारांसमोरून चालत गेला, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? हा मनुष्य कोण होता?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपण वाचलेली कथा क्लाउस श्टोर्टेबेकर याची असून ती दंतकथाच आहे. आपले धड ज्यांच्यासमोरून चालत जाईल त्या साथीदारांना जीवदान मिळावे, अशी अट त्याने हॅम्बुर्गच्या नगराध्यक्षाला घातली आणि धड अकराव्या माणसापर्यंत पोहोचताच जल्लादाने त्याला पाय आडवा घातला, असे सांगतात. पुरंदरावर मुरारबाजींचे धड लढत राहिल्याची कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला यात फारसे परके काही वाटू नये.

त्याच्यासारख्यांच्या चाचेगिरीचा उगम मात्र या दंतकथेहून अधिक लक्ष देण्याजोगा आहे. 1389 मध्ये डेन्मार्कच्या मार्गारेट राणीने स्वीडनचा राजा आल्ब्रेख्ट याला कैद केले, तेव्हा त्याच्या मेक्लेनबुर्ग घराण्याने रोस्टोक व विस्मार ही बंदरे खुली करून, डॅनिश जहाजे लुटण्याचे परवानेच वाटले. वेढ्यात अडकलेल्या स्टॉकहोमला रसद पोहोचवणाऱ्या या टोळ्यांना ‘व्हिटालियन बंधू’ म्हणत. 1395 मध्ये तह होऊन राजा सुटला आणि परवान्यांना अर्थ उरला नाही. परंतु लुटीची सवय लागलेली माणसे घरी परतली नाहीत. त्यांनी बाल्टिक समुद्रातील गॉटलंड बेटावर तळ ठोकला. 1398 मध्ये ट्यूटॉनिक सरदारसंघाने (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघटनेने) त्यांना तेथून हुसकावले, तेव्हा ते उत्तर समुद्राकडे वळले आणि फ्रीजलंडच्या स्थानिक सरदारांनी त्यांना आश्रय दिला. ज्यांनी त्यांना शस्त्रे दिली त्यांच्यावर कधी खटला चालला नाही, हेही नोंदवायला हवे.

हॅम्बुर्गच्या आरमाराने श्टोर्टेबेकरला हेलिगोलँडजवळ पकडले आणि 1400 किंवा 1401 मध्ये ग्रासब्रूक येथे साथीदारांसह त्याचा शिरच्छेद केला, असे परंपरा मानते. तेथेच 1878 मध्ये खिळा ठोकलेली कवटी सापडली. ती त्याचीच म्हणून हॅम्बुर्गच्या संग्रहालयात मांडली गेली, 2010 मध्ये चोरीला गेली आणि पुढच्या वर्षी परत मिळाली.

इतिहासकार ग्रेगोर रोमान यांनी तर मूळ परंपरेलाच हात घातला आहे. त्यांच्या मते कागदपत्रांतील खरा मनुष्य डान्झिगचा योहान श्टोर्टेबेकर हा व्यापारी व जहाजाचा कप्तान असून, या शिरच्छेदानंतर दहाएक वर्षांनीही तो हयात होता.