काडतुसाची पितळी केस डायमध्ये अडकत असेल तर

उडालेल्या काडतुसाची केस, म्हणजे रिकामे पितळी कवच, पुन्हा भरण्याआधी डायमध्ये, म्हणजे तिला दाबून मापात आणणाऱ्या साच्यात, घालतात. अशा केसचे तुम्ही टेक्सासहून पाठवलेले फोटो मी इथे साताऱ्यात भिंग लावून पाहिले. केसच्या खांद्यावर, म्हणजे गळ्याखालच्या उतरत्या भागावर, जे खोलगट पोचे दिसतात, त्यात डायचा दोष नाही. ते जादा वंगणामुळे पडले आहेत, कारण अडकलेले वंगण दाबले जात नाही आणि पितळच आत जाते. मात्र त्या धास्तीने वंगण अगदीच कमी केले, तर केस डायमध्ये रुतते आणि दाबयंत्राचा दांडा जोराने ओढल्यावर तिच्या बुडाची कड फाटून येते. मी तिकडे असताना पहिल्याच महिन्यात माझ्या हातून तसे झाले होते. म्हणून केसच्या अंगाला बोटाने पातळ थर पुसावा, खांदा कोरडा ठेवावा आणि गळ्याच्या आतून ब्रश जरूर फिरवावा.

डायने खांदा किती मागे, म्हणजे बुडाकडे, न्यायचा, हे कृपया अंदाजाने ठरवू नका, मोजून ठरवा. बोल्ट रायफलसाठी (जिचा खटका दर गोळीनंतर हाताने मागेपुढे करतात), तुमच्याच चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोबणीत, उडालेल्या केसच्या मापापेक्षा सुमारे ०.००२ इंच मागे नेणे पुरेसे असते. वारंवार फार मागे नेल्यास बुडाच्या जरा वर पितळ ताणले जाऊन चकचकीत रेघ उमटते, आणि अशी केस तत्काळ मोडीत काढावी.

गावी येताना हे साहित्य आणू नका. भारतात काडतुसे बनवण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार स्वतंत्र परवाना लागतो.